डोंगराळ भागात लहान विमान उडवणे एवढे धोक्याचे का ठरते? (पुतणीच्या वैमानिक प्रशिक्षणासंदर्भात)

प्रश्न : झाडीपट्टीतील काका

नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात राहतो. घरी धानाची शेती आहे आणि मी शाळेत शिकवतो. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने वैमानिक होण्याचे ठरवले असून तिच्या प्रवेशाची तयारी सुरू आहे. बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारी प्रशिक्षणाची विमाने आमच्या बांध्यांवरून जाताना पाहतच ती मोठी झाली, त्यामुळे तिच्या निर्णयाचे घरात कोणाला फारसे नवल वाटले नाही. परंतु मार्च २०२३ मध्ये बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ जंगलात कोसळले आणि त्यातील प्रशिक्षक व शिकाऊ वैमानिक दोघेही मृत्युमुखी पडले, ही घटना आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. पुढे जून २०२५ मध्ये केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळले आणि त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील यात्रेकरूही गेले. तेव्हापासून माझ्या आईने या विषयावर घरात बोलणेच बंद केले आहे.

मुलीला अडवण्याचा माझा विचार नाही. मला हा धोका नेमका समजून घ्यायचा आहे, कारण ‘काही होत नाही’ असे आईला सांगणे मला खोटेपणाचे वाटते आणि ‘नशिबात असेल ते होईल’ असे मुलीला सांगणे त्याहून वाईट वाटते. आपला सातपुडा काही हिमालय नव्हे. मेळघाटातील वैराट हे विदर्भातले उंच शिखर, तेही १,१७८ मीटर म्हणजे जेमतेम ३,९०० फूट भरते. लहान विमानही दहा हजार फुटांवर जाऊ शकते असे मी वाचले आहे. मग एवढ्याशा डोंगरांची भीती का बाळगायची? दोष यंत्राचा असतो, हवेचा असतो की माणसाचा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त उड्डाण प्रशिक्षक, नागपूर

काकाजी, प्रथम एक स्पष्ट करतो. बालाघाटच्या त्या अपघाताच्या कारणांविषयी मी येथे तर्क करणार नाही, कारण ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांच्या दुःखावर बाहेरच्यांनी अंदाज बांधणे मला योग्य वाटत नाही. तुमच्या मूळ प्रश्नाविषयी मात्र जे जाणतो ते लिहितो.

डोंगर समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, याला वैमानिकाच्या दृष्टीने दुय्यम महत्त्व असते. त्या क्षणी विमानापाशी वर चढण्याची ताकद किती शिल्लक आहे आणि मागे वळायला जागा किती शिल्लक आहे, या दोन गोष्टी निर्णायक असतात. या दोन्ही हळूहळू संपत जातात, आणि त्या संपत असल्याचे आतल्या माणसाला अनेकदा उशिरा कळते.

ताकदीचा विचार आपल्या विदर्भाच्या उन्हापासूनच करावा लागतो. हवा तापली की विरळ होते. पंखांना मिळणारी उचल, प्रोपेलरचा जोर आणि इंजिनाला लागणारा प्राणवायू हे तिन्ही हवेच्या घनतेवर अवलंबून असल्यामुळे उष्ण हवेत तिन्ही एकाच वेळी घटतात. प्रमाण हवामानात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमान धरतात आणि दर हजार फुटांना ते सुमारे दोन अंशांनी कमी होते असे मानतात. नागपूर आणि बिरसीची धावपट्टी सुमारे हजार फुटांवर आहेत, म्हणजे तेथील प्रमाण तापमान १३ अंश. मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर गेला की फरक ३२ अंशांचा होतो. प्रत्येक जादा अंशामागे सुमारे १२० फूट धरले, तर ३,८४० फुटांची भर पडते. याचा अर्थ असा की विमान धावपट्टीवर उभे असतानाच जवळजवळ ४,८०० फुटांवर असल्यासारखे वागू लागते. वैमानिक याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र, नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावते. म्हणजे तुमच्या त्या ‘एवढ्याशा’ डोंगराकडे निघालेले विमान उड्डाणाच्या आधीच थकलेले असते. त्याच दिवशी पहाटे २८ अंशांवर हाच हिशेब केला तर आकडा २,८०० फुटांच्या आसपास येतो. जाणते प्रशिक्षक उन्हाळ्यात सकाळच्या उड्डाणांचा आग्रह धरतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

आता हवेच्या हालचालीकडे वळू. ओढ्याचे पाणी मोठ्या खडकावरून जाताना अलीकडच्या बाजूला वर चढते आणि पलीकडे खाली कोसळून भोवरे करते, तसेच वारा डोंगराच्या धारेवरून जाताना करतो. फरक इतकाच की पाणी डोळ्यांना दिसते आणि हवा दिसत नाही. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला हवेचा खाली येणारा प्रवाह तयार होतो, ज्याला डाउनड्राफ्ट म्हणतात. सेसना १७२ सारखे विमान थंड हवेत आणि समुद्रसपाटीला मिनिटाला सुमारे ७०० फूट चढते. डोंगरामागची हवा मिनिटाला हजार फुटांहून अधिक वेगाने खाली येत असेल, तर इंजिन पूर्ण जोरावर असूनही विमान खालीच जाते. वैमानिकाच्या हातून काहीही चुकलेले नसते, यंत्रही ठणठणीत असते, तरीही जमीन जवळ येत राहते.

अमेरिकेचे स्टीव्ह फॉसेट यांचे उदाहरण येथे आठवते. सन २००२ मध्ये बलूनमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले गृहस्थ. हवेचा एवढा अनुभव असलेला हा माणूस ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातून एका लहान विमानाने निघाला आणि परतला नाही. अवशेष वर्षभराने, ऑक्टोबर २००८ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात सुमारे दहा हजार फुटांवर सापडले. विमानाच्या चढण्याच्या क्षमतेपेक्षा अधिक वेगाने खाली येणाऱ्या हवेत विमान अडकले, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता आणि विरळ हवा व डोंगराळ भूभाग यांचाही त्यात उल्लेख होता. केवळ अनुभव पुरेसा नसतो, हे तुमच्या पुतणीने या एका घटनेतून समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

उत्तर : चिखलदऱ्याचा भूगोल शिक्षक

वरील उत्तरात ताकद आणि वारा आला आहे. मी ढगांविषयी लिहितो, कारण गाविलगडच्या डोंगरात राहणाऱ्या माणसाला ढग खाली उतरताना रोज दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये येथे सकाळी समोरची दरी स्वच्छ दिसत असते आणि थोड्याच वेळात दहा पावलांवरचे झाडही दिसत नाही. बाष्पाने भरलेली हवा उतारावरून वर ढकलली गेली की थंड होऊन तिचा ढग बनतो, त्यामुळे डोंगराच्या माथ्यावर ढग जागच्या जागी जन्म घेतो. दूरवरून येणारा ढग पाहून सावध होणे शक्य असते. या ढगाच्या बाबतीत ती सोय नाही.

लहान विमानांपैकी पुष्कळशी डोळ्यांनी जमीन पाहत उडवली जातात. असा वैमानिक ढगात शिरला की त्याचे क्षितिज नाहीसे होते आणि कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा त्याला फसवू लागते. विमान एका बाजूला कलून वळत असते आणि शरीराला मात्र आपण सरळ जात आहोत असे वाटत राहते. सन १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांची अशा परिस्थितीत कृत्रिमरीत्या परीक्षा घेतली गेली होती. सर्वांचा ताबा सुटला आणि तो सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. सपाट प्रदेशात निदान खाली मोकळी उंची तरी असते. दरीत दोन्ही बाजूंना डोंगर असताना या तीन मिनिटांचाही भरवसा नसतो.

२९ मे २०२२ रोजी नेपाळमध्ये पोखराहून जोमसोमला निघालेले तारा एअरचे ट्विन ऑटर विमान डोंगरावर आदळले आणि सर्व २२ जण गेले. त्यात ठाण्याचे एक कुटुंबही होते. ढगांमध्ये शिरल्यावर योग्य मार्ग राखला गेला नाही आणि समोरच्या भूभागाचा इशारा देणारी यंत्रणा त्या वेळी निष्क्रिय ठेवलेली होती, असे चौकशी अहवालात आले. विमानात बिघाड नाही, ते वैमानिकाच्या पूर्ण ताब्यात आहे आणि तरीही ते डोंगरावर जाऊन आदळते, असा हा अपघाताचा प्रकार आहे. मला तो सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. मोठी विमानेही त्यातून सुटलेली नाहीत. ७ जुलै १९६२ रोजी मुंबईकडे येणारे अलितालियाचे जेट विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून ९४ जण मृत्युमुखी पडले होते. डॉ. होमी भाभा ज्यात गेले ते एअर इंडियाचे विमान २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर आदळले, तेव्हा आपण शिखर ओलांडले आहे अशी वैमानिकाची समजूत झाली होती. मोठ्या विमानांत आज अनेक यंत्रणा या चुकीवर पहारा ठेवतात. लहान विमानात तो पहारा बहुतांशी माणसालाच करावा लागतो.

आणखी एक बाब. दरीचा तळ चढत जात असेल तर डोळ्यांना तो चढ जाणवत नाही, कारण खरे क्षितिज डोंगराआड गेलेले असते. विमान सरळ पातळीत आहे असे वाटत असताना जमीनच वर येत असते.

उत्तर : वर्धेकर

सर्वांचे लेखन वाचले. माझे मत कठोर वाटेल, पण डोंगराळ भागात लहान विमानांना परवानगीच असू नये असे मला वाटते. जानेवारी २०२३ मध्ये पोखरा येथे ७२ माणसे गेली. आणखी किती जीव जायला हवेत?

उत्तर : निवृत्त उड्डाण प्रशिक्षक, नागपूर

वर्धेकर भाऊ, तुमची कळकळ मी समजू शकतो. परंतु पोखराचा तो अपघात या चर्चेत बसत नाही. ते एटीआर ७२ हे प्रवासी विमान होते. उतरण्यापूर्वी फ्लॅप्सच्या, म्हणजे पंखांची उचल वाढवणाऱ्या पट्ट्यांच्या, तरफेऐवजी दुसऱ्याच तरफा मागे ओढल्या गेल्यामुळे दोन्ही प्रोपेलरचा जोर नाहीसा झाला, असे चौकशीत निष्पन्न झाले. डोंगराने तेथे काही केले नव्हते. कारणांची गल्लत झाली की उपायही चुकीच्या जागी केले जातात, म्हणून हे लिहावे लागले. शिवाय ज्या दुर्गम गावांत रस्ता पोहोचत नाही, तेथे आजाऱ्याला शहरात नेण्याचे काम हीच लहान विमाने करतात. सरसकट बंदीने त्या माणसांचे जगणे आणखी अवघड होईल.

उत्तर : वन विभागातून निवृत्त, गडचिरोली

विमानशास्त्र मला समजत नाही. अपघातानंतर काय होते, त्याविषयी थोडे लिहितो.

आपल्याकडच्या डोंगराळ जंगलात वरून पाहणाऱ्याला झाडांच्या शेंड्यांखेरीज काहीही दिसत नाही. साल, साग आणि बांबूच्या दाट वनात लहान विमान पडले तर काही हात अंतरावरून जाणाऱ्यालाही ते दिसेल याची खात्री नसते. पावसाळ्यात नाले भरलेले असतात, उतार घसरडे असतात आणि मोबाईलला रेंज नसते. अशा वेळी शोधपथकापेक्षा आधी पोहोचण्याची शक्यता मोहफुले किंवा तेंदूपाने गोळा करणाऱ्या माणसांची असते, कारण आवाज कोणत्या टेकडीमागून आला हे त्यांनाच अचूक सांगता येते. त्यांचे म्हणणे पहिल्या तासात ऐकून घेतले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

विमानात आपत्कालीन संकेत पाठवणारे यंत्र असते आणि ४०६ मेगाहर्ट्झवरचा त्याचा संकेत उपग्रह पकडतात, हे मला एका शोधमोहिमेच्या वेळी कळले. मात्र आदळताना यंत्र किंवा त्याचा अँटेना तुटला तर संकेत जात नाही. म्हणून निघण्यापूर्वी ठरलेला मार्ग आणि परतण्याची वेळ जमिनीवरच्या माणसाला अचूक ठाऊक असणे, आणि विमानाने तो मार्ग सांगितल्याशिवाय न सोडणे, यावर वाचलेल्या माणसाचा जीव अवलंबून राहतो. पाणी, शिट्टी, प्रथमोपचाराचे साहित्य आणि रात्रीच्या थंडीसाठी पांघरूण या गोष्टी सोबत असाव्यात. डिसेंबरात आमच्या जंगलात रात्र काढणे धडधाकट माणसालाही जड जाते.

झाडीपट्टीतील काका

सर्वांचे मनापासून आभार. आईला मी हे सर्व वाचून दाखवले आणि तिने शांतपणे ऐकून घेतले. तिने एकच विचारले की समोर डोंगर दिसतो आहे तर मग पोरगी विमान वळवून परत का येऊ शकत नाही. मलाही याचे उत्तर देता आले नाही. प्रशिक्षकसाहेबांनी हे समजावून सांगावे. तसेच प्रशिक्षण संस्था निवडताना आम्ही काय विचारावे, हेही सांगावे.

उत्तर : निवृत्त उड्डाण प्रशिक्षक, नागपूर

काकाजी, आईंनी विचारलेला प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे, त्याचे उत्तर नीट देतो.

विमानाला जागच्या जागी वळता येत नाही, वळणासाठी त्याला वर्तुळ घ्यावे लागते आणि त्या वर्तुळाची त्रिज्या वेगाच्या वर्गानुसार वाढते. ताशी १०० नॉट, म्हणजे सुमारे १८५ किलोमीटर वेगाने आणि ३० अंश कललेल्या पंखांनी मागे फिरायचे झाल्यास सुमारे ९३० मीटर रुंदी लागते. वेग १२० नॉट असेल तर तीच रुंदी साडेतेराशे मीटरच्या जवळ जाते. विरळ हवेत वेगदर्शक जेवढा दाखवतो त्यापेक्षा प्रत्यक्ष वेग अधिक असतो, म्हणून डोंगरात हे वर्तुळ अपेक्षेपेक्षा मोठे निघते. दरी पुढे पुढे अरुंद होत जाते आणि एक जागा अशी येते की तिच्यापुढे वळणच बसत नाही. तेथे घाबरून पंख अधिक कलवले तर वर्तुळ लहान होते खरे, पण ६० अंश कलवून उंची राखायची झाल्यास पंखांवर दुप्पट भार येतो आणि ज्या वेगाखाली उचल तुटते तो वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. विमान आधीच चढत असल्यामुळे मंदावलेले असते. त्यामुळे उचल तुटते आणि खाली सावरायला उंची नसते. डोंगर दिसतो तेव्हा वळण्याची वेळ बहुधा होऊन गेलेली असते, असे आईंना सांगावे.

म्हणून डोंगरात उडणाऱ्याला काही सवयी लावाव्या लागतात. दरीच्या मधोमध न जाता एका कडेने जायचे, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी हाताशी राहते. शक्यतो जेथे वारा उताराला लागून वर चढतो ती कडा धरायची. धार ओलांडताना तिच्यावर काटकोनात न जाता ४५ अंशांच्या कोनातून जायचे, म्हणजे हवा खाली ओढू लागली तर थोड्याशा वळणात सखल भागाकडे निघून जाता येते. धारेच्या वर किमान हजार फूट, वारा जोराचा असेल तर दोन हजार फूट अंतर ठेवायचे. माथ्यावरचा वारा २५ नॉटच्या पुढे असेल तर त्या दिवशी जायचेच नाही. नेपाळमध्ये जोमसोमची विमाने सकाळीच ये-जा करतात, कारण नंतर काली गंडकीच्या दरीतून प्रचंड वारा सुटतो. नेपाळमधल्याच लुक्ल्याची धावपट्टी सुमारे २,८५० मीटर उंचीवर, ५२७ मीटर लांब आणि चांगलीच उताराची आहे. तिच्या टोकाला डोंगर उभा असल्यामुळे शेवटच्या टप्प्यात आलेल्या विमानाला पुन्हा वर उचलून दुसरा प्रयत्न करता येत नाही. परत फिरायचे की नाही, हा निर्णय तेथे फार अलीकडे, दरीत असतानाच घ्यावा लागतो. लुक्ल्याला रोज विमाने उतरतात, ती या शिस्तीवरच उतरतात.

आता संस्थेविषयी. विमाने किती आणि इमारत कशी, हे कोणीही दाखवतो. तुम्ही विचारावे की हवामान पाहून उड्डाण रद्द करण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि शिकाऊ मुलीने स्वतः ‘आज मी जाणार नाही’ असे म्हटले तर तिच्या नोंदवहीत ते कोणत्या शब्दांत लिहिले जाते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. तास लवकर भरावेत म्हणून पालकही घाई करतात, कारण पैसा मोठा असतो आणि पुष्कळांनी त्यासाठी शेत गहाण ठेवलेले असते. ही घाई विमानात बसलेल्या मुलांपर्यंत पोहोचते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. तिला एकटीने डोंगराच्या बाजूला पाठवण्यापूर्वी प्रशिक्षकासोबत त्या मार्गावरून नेले जाते का, उन्हाळ्यात दुपारची उड्डाणे थांबवतात का, ढगात चुकून शिरल्यास उपकरणांवर मागे फिरण्याचा सराव किती वेळा करून घेतात आणि भूभागाचा इशारा देणारी यंत्रणा असल्यास ती सुरू ठेवण्याविषयी संस्थेचा नियम काय आहे, हेही विचारावे. उत्तरे कार्यालयात बसून न घेता तेथे शिकणाऱ्या मुलामुलींशी बोलून पडताळावीत.

आणि घरी आधीच ठरवून ठेवा की तिचे एखादे उड्डाण रद्द झाले, आठवडा वाया गेला किंवा परवाना सहा महिने लांबला, तरी तिला फोनवर कोणी कारण विचारणार नाही.